तिळगुळाच्या वाटीतला धप्पा

दिनेशचा पहिला संशय अमोलवर गेला, कारण अमोलने गेमचं मनापासून कौतुक केलं होतं. नात्यातला माणूस मनापासून कौतुक करतो तेव्हा त्याने काहीतरी केलेलं तरी असतं, नाहीतर त्याला काहीतरी हवं तरी असतं. घरातली तीन लग्नं आणि एक वाटणी जवळून पाहिल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी दिनेशचं हे मत पक्कं झालेलं होतं.

संशयाला कारण मात्र खरं होतं. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी चहा पिता पिता त्याने लॅपटॉप उघडला आणि स्वतः बनवलेला ‘धप्पा’ हा गेम किती मोबाईलवर चालतोय ते सांगणारा आकडा पाहिला. तो सात असायला हवा होता. तो चार हजार एकशे बारा होता. घोट गिळेपर्यंत चार हजार एकशे पंधरा झाला. हे लोक कोण, कुठले, हे त्या आकड्याला सांगता येत नव्हतं. मोजण्यापलीकडची अक्कल दिनेशनेच त्याला दिली नव्हती.

गेम अजून बाजारात यायचा होता. चाचणीसाठी सातजणांना दिला होता, बस.

जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे वर्षभर रस्त्याखाली बुजवून ठेवलेला दगडी हौद. तो उकरायचा, धुवायचा, रंगाचं पाणी भरायचं, पूजा करायची आणि मग माणसांनी त्यात धडाधड उड्या टाकायच्या. त्या उडीला म्हणतात धप्पा. दिनेशच्या गेममध्ये असा धप्पा मारायचा होता की रंग आजूबाजूच्या गॅलऱ्यांपर्यंत उडाला पाहिजे. चित्रं त्याच्या बायकोची, भाग्यश्रीची. ती शाळेत चित्रकला शिकवायची. दोन वर्षांचे रविवार खर्ची घालून तिने आळीतली एकूण एक गॅलरी काढली होती, कठड्यांच्या नक्षीपासून वाळत घातलेल्या टॉवेलच्या भोकापर्यंत.

पण गेमचा जीव होता एका म्हातारीत. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ती उडी मारणाऱ्यावर खेकसायची. “ए मुडद्या, तुझ्या बापाने सारवला होता का हा ओटा?” “डोळे काय खुंटीला टांगून आलास?” रंग जितका वर उडेल तितकी शिवी रसाळ. चाचणीवाले सातही जण गुण मिळवायचं सोडून तिच्या शिव्या खायला उड्या मारत होते. आवाज खराच होता, आळीतल्या वत्सलाकाकूंचा.

पुण्याच्या एका कंपनीने हा गेम घ्यायचं ठरवलं होतं. होळीच्या आधी बाजारात, किंमत एकशे एकोणपन्नास. करारावर सह्या झाल्या की पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळायची नोकरी दिनेश सोडणार होता. अकरा पतसंस्था आणि त्यांचे अकरा चेअरमन त्याने मनातल्या मनात आधीच सोडलेही होते. आता बाजारात यायच्या आधीच चार हजार लोक फुकट खेळत असतील, तर पुण्याची कंपनी कशाला विकत घेईल?

दिनेश मुळातच सावध माणूस. सातजणांना गेम देताना त्याने सातही प्रती सारख्या दिल्या नव्हत्या. गेममधल्या चौकात एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. नाशकातला चौक दाखवायचा आणि फ्लेक्स दाखवायचा नाही, तर लोकांना चौकच खोटा वाटला असता. त्या फ्लेक्सवर नेत्याच्या खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची तोंडं होती. अमोलच्या प्रतीत पाच, पुढच्याच्या प्रतीत सहा, असं करत सातव्याच्या प्रतीत अकरा. गेम कुणाकडून फुटला हे तोंडं मोजून कळणार होतं. हा सापळा त्याने भाग्यश्रीलासुद्धा सांगितला नव्हता. तिच्या पोटात काही राहत नाही असं त्याचं मत होतं. त्याच्या डोक्याबद्दल तिचंही साधारण तसंच मत होतं.

संध्याकाळी तो अमोलकडे गेला. अमोल त्याचा चुलतभाऊ, सातपूरला एका कारखान्यात इंजिनिअर.

“अमोल, जरा तुझा मोबाईल दे.”

अमोलने मोबाईल छातीशी धरला. “का?”

“गेम बघायचाय.”

“तुझा गेम तू माझ्या मोबाईलवर बघणार?”

“हो.”

“दिनूदादा, खरं सांग. हिने काही सांगितलंय का तुला?”

“काय सांगायचंय?”

“काही नाही,” म्हणत अमोल पाठ फिरवून दोन मिनिटं मोबाईलमधलं काहीबाही पुसत बसला. मग त्याने तो दिला. फ्लेक्सवर पाच तोंडं होती. ती तिथे असायलाच हवी होती. फुटलेली प्रत हातात नसताना न फुटलेली मोजून उपयोग नाही, हे दिनेशच्या तेव्हा लक्षात आलं.

“हा आमच्या कारखान्यात सगळ्यांकडे आहे,” अमोल आता मोकळेपणाने म्हणाला. “भारतच्या दुकानात टाकून देतात.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं तूच ठेवलास विकायला.”

भारतचं दुकान आळीच्या तोंडाशीच होतं. पाटीवर लिहिलेलं होतं: ‘मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज, कव्हर. गाणी व भजने भरून मिळतील.’ दिनेशला पाहून भारतने स्टूल पुसलं. बारा वर्षांपूर्वी तो दिनेशच्या कॉम्प्युटर क्लासचा विद्यार्थी होता.

“या सर. काय सेवा?”

“तुझ्याकडे तो रहाडीचा गेम आहे म्हणे.”

“कोणाकडे नाही ते विचारा. टाकू? तुम्हाला फुकट.”

“आणि इतरांना?”

“गेम फुकटच. वीस रुपये टाकणावळ.”

करारानुसार दर गेममागे दिनेशला जे मिळणार होते, त्याहून हे दोनच रुपये कमी होते.

“बनवलाय कुणी, माहीत आहे?”

“असेल कुणीतरी आपल्याकडचाच. डोकं आहे हां माणसाला. आणि ती म्हातारी! डिट्टो वत्सलाकाकू.”

“मी बनवलाय.”

भारतने स्टूल पुन्हा पुसलं. दिनेश त्यावर बसलेला असल्याने जेवढं दिसत होतं तेवढंच पुसलं.

“सर, तुमचं नाव नाहीये कुठे त्याच्यात.”

ते खरं होतं. नावं शेवटच्या आठवड्यात टाकायची होती.

“तुझ्याकडे आला कुठून?”

“आता सर, दिवसाला शंभर मोबाईल येतात. हा देऊन जातो, तो घेऊन जातो. गंगेचं पाणी घाटावर आलं की ते कुठल्या गावाहून आलं, हे विचारतो का आपण?”

“ही चोरी आहे, भारत.”

“तुमचा जीव लागलाय सर, मान्य आहे.” भारत खरंच हळहळला. “पण एक विचारू का? क्लासला आपण सगळे एकाच सीडीवर शिकलो. तीच सीडी वीस कॉम्प्युटरला. ती चालेनाशी झाली, की तुम्ही रुमालाने पुसून द्यायचात. भिंतीवर लिहिलं होतं, विद्या दिल्याने वाढते.”

“ते शिक्षण होतं.”

“हो सर,” भारत म्हणाला. “माझं पूर्ण झालं.”

दिनेशने विषय बदलून मोबाईल मागितला. खरं तर त्याच्या घरातल्या लॅपटॉपच्या कोपऱ्यातही गेली सहा वर्षं एक फिकट ओळ उभी होती, ‘आपली प्रत नोंदवा’ म्हणून. पण ‘धप्पा’ला दोन वर्षं लागली होती. त्या लॅपटॉपमधल्या बाकीच्या गोष्टी बनवायला कुणाला किती वर्षं लागली, हे दिनेशला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीचं वाईट वाटत नाही.

त्याने गेम उघडला, चौकात गेला, फ्लेक्स मोठा केला. नेता होता. हात जोडून हसत होता. खाली एकही शुभेच्छुक नव्हता.

असा नेता नाशकात सापडणं शक्य नव्हतं. दिनेशने मोबाईल उलटापालटा करून पाहिला. मग त्याला आठवलं. तोंडं चिकटवण्याआधीची एकच प्रत होती, मूळची. ती त्याच्या घरातल्या लॅपटॉपमध्ये होती. लॅपटॉपचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता आणि त्यातला एकजण तो विसरला की दुसरीलाच विचारायचा.

पुढचे तीन दिवस दिनेशने स्वतःच्या घरात पाळत ठेवली. भाग्यश्री पोळ्या लाटताना गुणगुणत होती, जे ती पूर्वी करत नव्हती. किंवा करत असेल, पण तेव्हा त्याने ऐकलं नव्हतं. शाळेतल्या सरिताशी बोलताना ती गॅलरीत जात होती. रेंज गॅलरीतच येत होती ही गोष्ट खरी, पण गुन्हेगारालासुद्धा रेंज लागतेच. चौथ्या दिवशी, ती शाळेत असताना, त्याने ड्रॉवर तपासला. सेफ्टी पिना, विजेची बिलं, आणि घरातला लाल पेनड्राइव्ह. तो लावून पाहिला, तर आत एकेचाळीस भजनं होती. भाग्यश्रीने उभ्या जन्मात भजन ऐकलेलं नव्हतं.

संध्याकाळी ती चप्पल काढते न काढते तोच त्याने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“हे काय आहे?”

“पेनड्राइव्ह.”

“ह्यात काय आहे?”

“भजनं असतील. वत्सलाकाकूंच्या मंडळाची.”

“आपल्या पेनड्राइव्हमध्ये त्यांची भजनं कशी?”

चौथीच्या वर्गात सूर्याला जांभळा रंग देणाऱ्याकडे जसं बघावं, तसं भाग्यश्रीने त्याच्याकडे पाहिलं. “मग काय रिकामा परत करतील?”

झालं होतं असं. संक्रांतीला ती काकूंकडे तिळगुळाची वाटी घेऊन गेली, तेव्हा वाटीत तिने हा पेनड्राइव्ह ठेवला होता. आवाज काकूंचा, सगळी चाचणी काकूंच्या शिव्यांवर चाललेली, आणि काकूंनीच तो ऐकलेला नाही, हे तिला बरं दिसेना. काकूंनी भारतकडून गेम आपल्या मोबाईलवर घेतला, मग मंडळातल्या बायकांनाही दिला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्याच्याचकडून पेनड्राइव्हमध्ये भजनं भरून घेतली आणि तो वाटीत ठेवून परत पाठवला. वाटीत वर दोन शेवेचे लाडूही होते. ते दिनेशने खाल्ले होते.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? अहो, तीन दिवस माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होतात, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.”

“पाच हजार झाले, भाग्या. आज सकाळी पाच हजार.”

भाग्यश्री खुर्चीत बसली. पर्स खांद्यालाच होती.

“मी एक दिला होता,” ती म्हणाली. मग पर्स मांडीवर घेत, “तिसऱ्या टप्प्यातल्या गॅलऱ्या नुसत्या पेन्सिलीच्या आहेत. रंग भरायचे राहिलेत. पाच हजार लोकांनी ते अर्धवट पाहिलं?”

इतके दिवस दिनेश चोर शोधत होता. चोरीला नेमकं काय गेलं, हे त्याला आत्ता कळलं. पण चोर समोरच बसलेला असल्याने त्याने पेनड्राइव्ह उचलून पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून हर्षालीचा फोन आला. कंपनीतर्फे ती हा व्यवहार बघत होती आणि तिचा आवाज नेहमीच एसीतून आल्यासारखा यायचा.

“दिनेश सर, गेम लीक झालाय. आमच्या लीगलवाल्यांना सापडला.”

“हो, मीही... शोधतोय.”

“दोनच गोष्टी लागतील, सर. एक, लीक करणाऱ्याचं नाव आणि पोलीस तक्रारीची प्रत. दोन, सगळ्या आवाजांची संमतीपत्रं. ती ग्रँडमदर फार छान आहे. आर्टिस्ट कोण?”

“आहेत इथल्याच एक.”

“मग सोपंच आहे. महिनाअखेरपर्यंत पाठवा. नाहीतर करार पुढे नेता येणार नाही.”

सोपंच होतं. ज्या काकूंवर तक्रार करायची, सहीही त्यांचीच आणायची होती.

दिनेशने आधी सरळ विचार केला: नाव भारतचं द्यावं. वीस रुपये त्याने घेतले होते, पुरावा होता. तक्रारीचा मसुदा त्याने अर्धा लिहिलाही. पण उद्या पोलिसांनी भारतला विचारलं, की कॉपी करायला कुठे शिकलास, तर तो खरं सांगून टाकेल अशी त्याला भीती वाटली. मुलगा प्रामाणिक होता. दिनेशने मसुदा फाडला आणि संमतीपत्राचं मराठी भाषांतर घेऊन, भाग्यश्रीला बरोबर घेऊन, वत्सलाकाकूंचा जिना चढला.

काकू सत्तरी ओलांडलेल्या, गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. समोर रस्त्याखाली रहाड झोपलेली होती आणि तिच्यावर दोन स्कूटर उभ्या होत्या.

“या. उभे काय राहिलात? बसायची पत्रिका छापू का?”

दिनेशने कागद काढला आणि वाचला. “‘मी, खाली सही करणार, माझा आवाज व माझी वाक्ये संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज असलेल्या व पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत वापरण्याचा एकमेव हक्क कंपनीस देत आहे.’”

“विश्वात म्हणजे?”

“सगळीकडे.”

“चंद्रावर?”

“तसं... हो.”

“चंद्रावर कुणाचा ओटा आहे?”

दिनेशने कागदात पाहिलं. ओट्याबद्दल काही नव्हतं.

“आणि एकमेव म्हणजे रे?”

“म्हणजे ही वाक्यं कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाहीत.”

“म्हणजे यंदा कोणा मुडद्याने माझ्या भिंतीवर रंग उडवला, तर मी आधी पुण्याला फोन लावू?”

भाग्यश्रीला हसू आलं. दिनेशने तिच्याकडे पाहिलं, तशी ती लसूण सोलायला लागली.

“माझा आवाज घेतलास कधी तू?” काकूंनी विचारलं.

“दोन रंगपंचम्या. खाली उभं राहून. मोबाईलवर.”

“मला विचारलं होतंस?”

“तुम्ही ओरडत होतात, काकू.”

“ओरडणाऱ्याला विचारत नसतात का?” काकूंनी सुरी बाजूला ठेवली. “आणि तुला सांगते, ते माझं नाहीच. ‘तुझ्या बापाने सारवला होता का ओटा’ हे माझ्या सासूचं. मी लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्या रंगपंचमीला मलाच ऐकवलं होतं. जाऊन तीस वर्षं झाली तिला. तिची सही आणतोस?”

“पण काकू, तुम्ही गेम सगळ्यांना वाटलात,” दिनेशचा आवाज चढला. “दोन वर्षं घातली आम्ही. चोरीच झाली की ती.”

“चोरी?” काकूंचा आवाज आपोआप गॅलरीतला झाला. “आमच्या मंडळात बावीस बाया. एकीला दाखवायचा आणि दुसरीला नाही? पंगतीत एकीला वाढायचं आणि शेजारणीचं ताट कोरडं? तू माझा आवाज खालून उचलून नेलास, मी तुझा खेळ वरून वाटला. झाली फिटंफाट! आणि वर हा विश्वाचा कागद घेऊन आलाय मेला.”

दिनेशने कागद काकूंपुढे ठेवला. उत्तर भाग्यश्रीने दिलं, लसणाकडे बघतच.

“काकू, मी तुम्हाला एक वाटी दिली होती. ती पाच हजार घरी गेली. भरून परत आलेली वाटी एकच, तुमची.”

काकूंनी पुन्हा सुरी उचलली.

“आणि चित्रं अर्धी होती, काकू. तुमच्या ह्या गॅलरीला रंग द्यायचा होता अजून. तुमची पातळं वाळत घालायची होती.”

वत्सलाकाकू गप्प बसल्याचं आळीत कुणाला आठवत नव्हतं. खालून कुणीतरी वर मान करून पाहिलंसुद्धा.

“पाच हजार,” काकू शेवटी म्हणाल्या. “मला काय ठाऊक, ते असं पसरतं. मला वाटलं बाविसावर थांबेल.” मग कागद दिनेशकडे सरकवला. “सही मी करायची नाही. विश्व तुझ्या कंपनीला लखलाभ. पण वाटीचं मी बघते.”

वाटीचं काय बघणार, हे त्यांनी सांगितलं नाही. जिना उतरताना दिनेशला त्याचाही संशय आला.

हर्षालीने मार्ग काढला. ग्रँडमदरचा आवाज बदलू, म्हणाली. पुण्यात उत्तम आर्टिस्ट आहेत. दोन दिवसांत नमुना आला. दिनेश आणि भाग्यश्रीने तो जेवणाच्या टेबलावर ऐकला. एक सुस्पष्ट, वळणदार आवाज म्हणत होता, “अहो, जरा बघून उडी मारा ना! किती हा पसारा!”

भाग्यश्रीने पुन्हा ऐकला. “ह्या बाईंच्या अंगावर मी रंग उडवायची नाही,” ती म्हणाली. “पाप लागेल.”

“करार जाईल.”

“माहितीये.”

“अकरा पतसंस्था, भाग्या.”

“तेही माहितीये. पण मी गॅलरी काढली ती काकूंची. तिच्यात ही भाडेकरू नको.”

दिनेशने महिनाअखेरची मेल लिहिली. आवाजाची सही मिळणार नाही, दुसरा आवाज नको. लीक करणाऱ्याचं नाव, या ओळीशी त्याचं बोट अडलं. मग लिहिलं: दिनेश आणि भाग्यश्री. हर्षालीचं उत्तर एका ओळीचं आलं. त्यात ‘अनफॉर्च्युनेटली’ होतं. दुसऱ्या दिवशी एका चेअरमनच्या केबिनमध्ये व्याजाचा कॉलम का हलत नाही ते बघताना त्याला वाटलं, की चेअरमनच्या हसण्यात काहीतरी आहे. चेअरमन गेम खेळत होता. आवाज बंद करून, पण बोटांच्या हालचालीवरून धप्पा ओळखू येत होता.

रंगपंचमीला रहाड उघडली. पूजा झाली, मानाची पहिली उडी पडली आणि मग गर्दी तुटून पडली. दिनेश दरवर्षीच्या जागी, काकूंच्या गॅलरीखाली उभा होता. मोबाईल घरी ठेवून आला होता. आजूबाजूला शे-दोनशे मोबाईल वर झालेले होते, सगळे गॅलरीकडे. गेममुळे काकू आता नावाजल्या होत्या. लोक म्हसरूळ, देवळालीहून शिव्या खायला आले होते.

पहिला रंग भिंतीवर चढला. काकू कठड्याशी आल्या. सगळे वाट बघत होते, आता ओटा येणार, बाप येणार. काकूंनी खाली नजर फिरवली आणि दिनेशवर आणून थांबवली.

“ए दिनेश! हात दाखव!”

दिनेशने दोन्ही हात वर केले. रिकामे.

“अरे संशयाच्या पोत्या! रंगपंचमीला आलास की पंचनाम्याला? लोकांची तोंडं मोजता मोजता स्वतःचं धुवायचं राहिलं की रे तुझं!”

आळी खदखदून हसली. कुणीतरी मागून बादली ओतली. निथळता निथळता दिनेश विचार करत होता, की तोंडं मोजायची गोष्ट काकूंना कळली कशी. ती त्याने करार मोडल्या दिवशी फक्त एका व्यक्तीला सांगितली होती. ती व्यक्ती पलीकडे उभी राहून मोठ्या एकाग्रतेने रहाडीकडे बघत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात वाट्या यायला लागल्या. पहिली मंडळातल्या आशाकाकूंची, कुरडयांची. मग अंजलीताईंची, चकल्यांची. “वत्सलाकाकू म्हणाल्या, तुमचं भांडं राहिलंय आमच्याकडे,” प्रत्येकजण असं म्हणून, थोडं ओशाळून, दारातूनच परत जात होती. भाग्यश्रीने त्यांचं कुठलंच भांडं दिलेलं नव्हतं, पण हे ती कुणालाच बोलली नाही. आठवड्याभरात बावीस आल्या. दिनेशने पाच हजारांतून बावीस वजा केले. मग कुरडई तळायला सांगितली.

बाविसावी वाटी खुद्द काकूंची. पुरणपोळीच्या घडीवर एक नवा पेनड्राइव्ह आणि वहीच्या पानावर वळणदार अक्षरातली चिठ्ठी:

‘ह्या माझ्या स्वतःच्या आहेत, सासूच्या नाहीत. एकंदर तेवीस. भारतच्या दुकानात बसून भरल्या, त्याला टाकणावळ दिली नाही. गेममध्ये घालाव्या. विश्वात नाही, फक्त नाशिक जिल्ह्यात. येवलं, मालेगाव, पेठ धरून. माझ्या गॅलरीला रंग पिस्ता द्यावा. वत्सला.’

भाग्यश्रीने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि रंगांचा डबा काढायला आत गेली.

दिनेशने पेनड्राइव्ह हातात घेतला. भारतच्या दुकानातून आलेली वस्तू. त्याने तो लावण्याआधी व्हायरस तपासायचं सॉफ्टवेअर चालू केलं. ते त्याने कधी विकत घेतलेलं नव्हतं. सुरू होताच सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे एक चौकट पुढे केली: आपली मुदत संपून दोन हजार एकशे नव्वद दिवस झाले आहेत. दिनेशने नेहमीप्रमाणे ती बंद करायला बोट नेलं.

भाग्यश्री ब्रश घेऊन मागे उभी होती.

“काय हो,” चौकटीकडे ब्रश दाखवत ती म्हणाली, “ह्यांची वाटी कधी पाठवायची?”

दिनेशने वळून तिच्याकडे पाहिलं. ती बऱ्याच वेळापासून तिथे उभी होती, असा त्याला दाट संशय आला.